घोडीच्या पाठीवरची अक्षरं

परीक्षेचे दिवस जवळ आले हे पंचांगाआधी माझ्या नाकाला कळतं. बडोद्यात मांडवीच्या बाजारात नव्या मिरचीची पोती सुटतात, त्यांचा खकाणा वाऱ्याबरोबर आमच्या कन्याशाळेच्या खिडक्यांतून आत येतो आणि पाढे म्हणणाऱ्या मुली मध्येच शिंकायला लागतात. अंगणातला कडुनिंब जुनी पानं टाकतो, झाडून झाडून शिपाईण वैतागते, आणि चार दिवसांत त्याच फांद्यांवर तांबूस पालवी दिसायला लागते. घरोघर चैत्रगौर बसते. हळदीकुंकवाची बोलावणी फिरतात, कैरीच्या डाळीनं दात आंबतात, आणि नेमका याच दिवसांत शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या दौऱ्याचा कागद येऊन पडतो.

लोकांना वाटतं, बाई आता शाळेच्या मुख्य झाल्या, यांना कसली आलीय परीक्षेची धास्ती. मी पण तसंच भासवते. पण दर वर्षी या दिवसांत मला धास्ती वाटते ती वाटतेच. ती साहेबांची नसते. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिसऱ्या इयत्तेत माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीची असते. तिचं नाव अंबू.

यंदा ती जरा लवकर आली. परवा आमच्या शाळेतल्या नव्या बाई हातात एक चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. आपल्या राज्यात प्रत्येक मुलाला, आणि मुलीलाही, शाळेत आलंच पाहिजे असा महाराजांचा कायदा आहे. त्यातून सुटका फक्त आजारी, आंधळ्या, बहिऱ्या आणि मंदबुद्धीच्या मुलांची. वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी लिहायची, मुख्य बाईंनी सही करायची, की मुलीचं नाव पटावरून कमी. आमच्याकडे तिला माफीची चिठ्ठी म्हणतात. नाव किती गोड ठेवलंय बघा. त्या चिठ्ठीनं मुलीला शाळा माफ होते आणि शाळेला मुलगी, आणि मग त्या मुलीपुढे जन्मात कुणी पुस्तक धरत नाही.

मी नव्या बाईंना म्हटलं, बसा, आधी पन्हं प्या. त्या बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला माझा तेव्हाचा चेहरा आठवला. वीस वर्षांची होते मी. आठव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी परत, आणि मग वडिलांच्या हट्टामुळे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात. तिथून पहिली येऊन बाहेर पडले होते. राग नाकावर, रूळ हातात, आणि जगातल्या सगळ्या मुलींना शहाणं करायचा मक्ता आपल्याचकडे आहे ही खात्री.

अंबू तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसायची. तिचा बाप सरकारी पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची चाकरी करणारा. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, परकराला कायम घोड्याच्या चंदीचा, म्हणजे दाण्याचा, वास. बोलायला लागली की ऐकत राहावं. गोष्ट सांगताना राजाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. सगळा वर्ग तोंडाचा आ करून ऐकायचा. आणि हीच मुलगी पुस्तक हातात घेतलं की दगड व्हायची.

‘कमळ’ असेल तिथं ‘मकळ’ वाचायची. पहिल्या ओळीत जो शब्द धड वाचला तोच तिसऱ्या ओळीत आला की त्याला जन्मात पाहिलंच नसल्यासारखी बघत राहायची. मध्येच एक ओळ गाळून खालच्या ओळीवर उतरायची आणि तिला पत्ता नसायचा. म आणि भ, घ आणि ध यांची तिच्या पाटीवर रोज अदलाबदल. पंचवीस लिही म्हटलं की बावन्न लिहायची. पाढे सरळ म्हणता येत नसत, सातचा पाढा चौथ्या पायरीवर घसरायचा. पण तोंडी विचारलं, आठ घोड्यांना रोज तीन शेर चंदी तर पाच दिवसांना किती, तर माझ्या आधी उत्तर तयार. उजवा हात वर करा म्हटलं की आधी शेजारणीकडे बघायची. वाचनाच्या तासाला तिचं पोट दुखायचं, गाण्याच्या तासाला कधीच दुखलं नाही.

आज हे सगळं ओळीनं आठवतं आणि वाटतं, समोर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत नव्हतं. वाचता न येणारी अंबू नव्हती, मी होते. तेव्हा मी त्याला एकच नाव दिलं होतं, आळस. आळसावर औषध रूळ. तिच्या बोटांच्या पेरांवर मी किती वेळा मारलं ते मला आठवतं, आणि विसरायची इच्छाही नाही. ती हात मागे घ्यायची नाही. डोळे भरले तरी हात तसाच पुढे. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी भर वर्गात म्हणायची आणि मुली हसायच्या.

मग मला एक शोध लागला. असला शोध फक्त बडोद्याच्या मराठी मास्तरणीलाच लागू शकतो. अंबूचं घर गुजराती शेजारात. दुकानांच्या पाट्या गुजराती, शेजारची जशी नावाची मुलगी तिची जिवाभावाची मैत्रीण, तीही गुजराती शाळेत जाणारी. दोघी एकमेकींच्या ओट्यावर एकमेकींची पुस्तकं घेऊन बसायच्या. मी म्हटलं, झालं, मुळाशी हे आहे. गुजराती अक्षरांना वरची रेघ नाही, पोरीच्या डोक्यात दोन्ही लिप्यांची खिचडी झाली. मी तिच्या आईला शाळेत बोलावून निक्षून सांगितलं की परीक्षेपर्यंत जशीकडे जाणं बंद. आईनं मान डोलावली. मास्तरणीचा शब्द, कोण मोडणार. अंबू मात्र माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “बाई, मग मी रमू कोणाशी?”

तीन महिने ती जशीचा ओटा चढली नाही. संक्रांत गेली, होळी गेली, केसुड्याच्या, म्हणजे पळसाच्या, फुलांचा रंग करून साऱ्या गल्लीनं एकमेकांना भिजवलं, तेव्हा ही दारात उभी राहून बघत होती म्हणे. वाचन होतं तिथंच राहिलं. फक्त वर्गात गोष्टी सांगायचं तिनं बंद केलं. ते माझ्या लक्षात आलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं की आता ही गंभीर झाली.

शेवटी व्हायचं तेच झालं. फाल्गुन सरता सरता तेव्हाच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की अंबूला साहेबांपुढे उभी करू नका, साऱ्या वर्गाची लाज जाईल. माफीची चिठ्ठी लिहा, दोन दिवसांत आणून द्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की यात मुलीची सुटका आहे. मलाही तसंच वाटत होतं. मी कोरा कागद पिशवीत घालून घरी निघाले. निघताना अंबू फाटकाशी थांबलेली होती. तिनं मला एवढंच विचारलं की परीक्षेला कोणता धडा येणार, आणि तो मी तिला एकदा वाचून दाखवीन का, तिचा घसा बसलाय म्हणून तिला मोठ्यानं वाचता येत नाही. घसा चांगला खणखणीत होता. मी म्हटलं, उद्या बघू.

घरी आले तर आबा, माझे वडील, ओसरीवर बसलेले. आबा पागेत जमादार होते, तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघालेले, तरी पहाटे उठून पागेत एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. हातात कुणाच्या तरी लग्नाची छापील पत्रिका होती. मला बघताच म्हणाले, “गोदे, वाच बरं हे. डोळ्यांत धूळ गेलीय.”

मी पत्रिका हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. हे वाक्य मी जन्मभर ऐकत होते. डोळ्यांत धूळ गेलीय. चष्मा पागेत राहिला. उजेड बरा नाही, तू वाच. आई गेल्यापासून घरातला प्रत्येक कागद मीच वाचत आले होते, आणि मला वाटायचं, आबांना माझ्या वाचण्याचं कौतुक आहे म्हणून ते मला वाचायला लावतात. त्या कौतुकासाठी मी वाचत गेले, शिकत गेले, मास्तरीण झाले. आणि अर्ध्या तासापूर्वी फाटकाशी एका मुलीनं मला सांगितलं होतं की घसा बसलाय, तुम्ही वाचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं माझं झालं होतं.

मी खाली बसले आणि विचारलं, “आबा, तुम्हाला वाचता येतं?”

आबांनी माझ्या हातातली पत्रिका काढून घेतली आणि मान हलवली, नाही. पागेत त्यांचा केवढा दरारा. हजिरीचा कागद हातात धरून साठ घोड्यांची नावं, त्यांच्या खुणा, कोणाचा नाल कधी बदलला, सगळं घडाघडा म्हणायचे. तो कागद त्यांनी कधी वाचला नव्हता. सगळं पाठ होतं. घरात आईला माहीत होतं, आणि आईनंतर कुणालाच नाही. लहानपणी पंतोजींनी त्यांच्या हातावर छड्या मोडल्या, मग कोंडून ठेवलं, मग गावभर गाढव म्हणवलं. तेराव्या वर्षी ते शाळेतून पळाले ते थेट पागेत येऊन थांबले, कारण घोडा कुणाला वाचायला लावत नाही. हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी ओसरीवर सांगितलं, माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, “अक्षरं मला दिसतात गं. पण ती कोण आहेत ते कळत नाही. दर वेळी नव्यानं भेटल्यासारखी वाटतात.”

मी रडले. बापाच्या दुःखानं रडले, आणि अंबूच्या बोटांची आठवण येऊन शरमेनं त्याहून जास्त रडले. आबांच्या जागी ती होती आणि पंतोजींच्या जागी मी.

डोळे पुसल्यावर मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, मग सही कशी करता? आबांची सही मी शंभर कागदांवर पाहिली होती, सरळ, ठसठशीत. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. सही आल्याशिवाय जमादारी मिळत नव्हती. तेव्हा एका म्हाताऱ्या मोतद्दारानं त्यांना नाव शिकवलं होतं, आणि तेही पाटीवर नाही, घोड्याच्या पाठीवर. घोड्याला खरारा केला की त्याची लव एका बाजूला नीट बसते. तिच्या उलट बोट फिरवलं की लव उभी राहते आणि काळी रेघ उमटते. हातभर मोठं अक्षर काढायचं, खांद्यापासून हात फिरवायचा, तोंडानं त्याचा आवाज करायचा, मग तळव्यानं पुसायचं आणि पुन्हा काढायचं. रोज एक अक्षर. दोन महिन्यांत नाव आलं. पुढची अक्षरं का नाही शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, नावापुरतं काम होतं, पुढचं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोरा कागद कोराच परत नेला. मोठ्या बाईंना म्हटलं, मला परीक्षेपर्यंतचे दिवस द्या. त्या म्हणाल्या, नापास झाली तर साहेबांच्या शेऱ्यानं नाव कमी होईल, मग पुन्हा घेता यायचं नाही, आणि तुमचंही नाव खराब होईल. मी म्हटलं, चालेल.

मग ते तीन आठवडे. आजही मला त्या सकाळींचा वास येतो. ओल्या गवताचा, लिदीचा, भिजवलेल्या हरभऱ्याचा. तांबडं फुटायच्या सुमाराला आबा, मी आणि अंबू पागेत. एक म्हातारी तपकिरी घोडी होती, कामातून मोकळी केलेली, स्वभावानं गरीब. अंबूचा बाप तिला खरारा करून बाजूला व्हायचा, आणि लाकडी खोक्यावर उभी राहून अंबू तिच्या पाठीवर म काढायची. मोठ्ठा म. तोंडानं म्हणायची, हात फिरवायची, पुसायची. घोडीची कातडी मध्येच थरथरायची, की अंबूला हसू यायचं. सबंध वर्षात पुस्तकापुढे ती मला हसताना दिसली नव्हती. मी घाई करायला लागले की आबा नुसतं माझ्याकडे बघायचे. चौथ्या दिवशी भ काढून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, आबा, हा म पेक्षा वेगळा फिरतो की, हाताला कळलं. मला बाजूला जाऊन पदर डोळ्यांना लावावा लागला.

त्याच आठवड्यात मी जशीच्या घरी गेले. तिच्या आईला सांगितलं की चूक माझी होती, गुजराती अक्षरांची नव्हती, आणि मुलींना पूर्वीसारखं खेळू द्या. ती बिचारी गोंधळून म्हणाली, “एमां शुं, बेन,” त्यात काय एवढं, आणि माझ्या हातावर सुखडीचा गोड तुकडा ठेवला. पोरी तोवर ओट्यावर पोचल्याही होत्या. मुलं किती लवकर माफ करतात, आणि आपण त्याचा किती फायदा घेतो.

परवा नव्या बाईंना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की चिठ्ठी पिशवीत ठेवा आणि पंधरा दिवस तुमच्या मुलीकडे नीट बघा. बोलताना ती कशी असते आणि वाचताना कशी. कालचा शब्द आज ओळखते का. पुस्तक उघडायच्या आधी तिला काय काय दुखतं. घरात आणखी कोण आहे जो नेहमी दुसऱ्याला वाचायला सांगतो. मंद मूल सगळीकडेच मंद असतं. हे मूल एकाच दारात अडकतं आणि बाकीच्या घरात धावत असतं. याला नाव काय ते मला ठाऊक नाही. विलायतेत कुणी डॉक्टरानं ठेवलं असलं तर असो. नाव नसलं तरी मूल असतंच, आणि तेवढं ओळखण्यापुरते डोळे आपल्याला दिलेले आहेत. नव्या बाई पन्ह्याचं भांडं हातात धरून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, तिचं रोज पोट दुखतं खरं.

त्या वर्षी डिपोटीसाहेब आले तो दिवस फार तापलेला होता. अंबूची पाळी शेवटून तिसरी. साहेबांनी स्वतः पान उघडून दिलं, तिच्या पाठांतराचा काही उपयोग होणार नव्हता. तिनं पुस्तक डाव्या हातात धरलं, आणि उजव्या हाताचं बोट परकरावर फिरायला लागलं. एक शब्द. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग दुसरा. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. साहेबांनी घड्याळ काढलं आणि विचारलं, ही बोटानं काय करते आहे?

मी म्हटलं, “साहेब, ती अक्षर आधी हाताला विचारते, मग डोळ्याला. थोडा वेळ द्यावा.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, अंबूकडे बघितलं आणि घड्याळ खिशात घातलं. बाकीच्या मुलींनी जेवढ्या वेळात एकेक पान वाचलं तेवढ्या वेळात अंबूनं चार ओळी वाचल्या. चारी ओळी बरोबर. एकही शब्द तिचा स्वतःचा घातलेला नाही. मग साहेबांनी अर्थ विचारला, आणि माझी जुनी अंबू परत आली. त्या चार ओळींतला शेतकरी, त्याचा बैल, त्याची बायको, सगळ्यांना तिनं आवाज दिले. साहेब हसू दाबत होते. तोंडी हिशेब तिनं पटापट सांगितले. शुद्धलेखनात भोपळा मिळाला, तो मिळणारच होता. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, वाचन फार हळू, पण समजून वाचते, वरच्या वर्गात घ्यावी. मोठ्या बाईंनी तो शेरा दोनदा वाचला.

बाहेर कडुनिंबाखाली आबा उभे होते. सकाळपासून तिथंच होते म्हणे, डोक्याला पागोटं, अंगात जुना ठेवणीतला अंगरखा, एखाद्या दरबाराला निघाल्यासारखे. अंबू धावत त्यांच्याकडे गेली आणि धापा टाकत सांगितलं की चार ओळी वाचल्या, सगळ्या. आबा पाराच्या कडेवर बसले.

“चार ओळी,” ते म्हणाले. “मी सगळ्या आयुष्यात एक नाही वाचली.” मग त्या नऊ वर्षांच्या पोरीपुढे त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि विचारलं, “मला शिकवशील का?”

अंबूनं त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. मग म्हणाली, “शिकवीन. पण रोज यायचं. आणि चुकलात तरी मी मारणार नाही.”

मी तिच्या मागेच उभी होते.